फॉरमॅट : पुसले काय जाते आणि उरते काय?

१/२२
सोलापूरचा सात रस्ता चौक. सात वाटा एका जागी येतात, हे त्याच्या नावातच आहे. समजा, एका रात्रीत या चौकातील सर्व दिशादर्शक पाट्या, रस्त्यांची नावे, घरांचे क्रमांक आणि टपाल कचेरीतील पत्त्यांची वही नाहीशी झाली. घरे जागेवर आहेत, माणसे घरात आहेत. परंतु नव्याने आलेल्या पोस्टमनला एकही पत्र पोहोचवता येणार नाही. संगणकाची हार्ड डिस्क ‘फॉरमॅट’ केली जाई, तेव्हा दीर्घकाळ नेमके हेच घडत असे.

२/२२
‘फॉरमॅट मारला’ हा शब्दप्रयोग १९९० नंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील घरे, कचेऱ्या आणि सायबर कॅफे यांत रुळला. यंत्र मंदावले की फॉरमॅट, विषाणू शिरला की फॉरमॅट, पडदा निळा पडला की फॉरमॅट. या एका क्रियेमागे मोठा इतिहास आहे. त्याचे सूत्र असे : लिहिलेला मजकूर आणि तो वाचण्याची किल्ली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मराठी मजकुराच्या वाट्याला या किल्लीचा वियोग दोनदा आला.

३/२२
आरंभ १९५६चा. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएम कंपनीने ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. त्याच्या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या एकावर एक फिरत. वजन सुमारे एक टन. क्षमता ५० लाख अक्षरांची. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे छायाचित्र तेवढी जागा सहज व्यापते. परंतु हवी ती नोंद थेट उचलता येणे ही क्रांती होती. त्यापूर्वीच्या चुंबकीय फितीवर शेवटची नोंद हवी असेल तर सारी फीत उलगडावी लागे.

४/२२
थेट उचलण्यासाठी पत्ता लागतो आणि कोऱ्या तबकडीला पत्ता नसतो. म्हणून तिच्यावर आधी वर्तुळाकार मार्ग आखायचे, प्रत्येक मार्गाचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यांना क्रमांक द्यायचे. वैयक्तिक संगणकांत असा एक तुकडा बहुधा ५१२ बाइटचा असे. हिशेबाच्या कोऱ्या वहीवर रकाने आखावेत, तसे हे काम. ‘फॉरमॅट’ या शब्दाचा मूळ अर्थ हा आखणीचा आहे. पुसणे हा त्याचा आनुषंगिक परिणाम. प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांत ही आखणी विक्रेता किंवा तंत्रज्ञ करी. पुढे ती कारखान्यातच होऊ लागली.

५/२२
आखलेल्या वहीला अनुक्रमणिका हवी. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी ‘फाइल अलोकेशन टेबल’, म्हणजेच फॅट, ही पद्धत तयार केली. कोणत्या फाइलचा पहिला तुकडा कुठे, दुसरा कुठे, कोणती जागा रिकामी, याची ही वही. तिचे महत्त्व ओळखून डिस्कवर तिच्या सहसा दोन प्रती ठेवल्या जात. फाइल खोडली की मजकुराला हात लागत नसे. नावाचे पहिले अक्षर बदलले जाई आणि वहीत ती जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाई.

६/२२
मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असल्याने हार्ड डिस्कला ‘सी’ मिळाले. फ्लॉपी इतिहासजमा झाली तरी ‘सी ड्राइव्ह’ हे नाव टिकले. योगायोग असा की सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची स्थापनाही १९८३चीच. गिरण्या आणि मागांच्या शहरात अभियांत्रिकी शिक्षण रुजू लागले, तेव्हा जगात घरगुती हार्ड डिस्कचे युग सुरू होत होते.

७/२२
त्या काळातील डॉसचा ‘फॉरमॅट’ हा आदेश हार्ड डिस्कवर चालवला की पडद्यावर टक्केवारी सरकत राही. पाहणाऱ्यास वाटे, सारे पुसले जात आहे. प्रत्यक्षात यंत्र प्रत्येक तुकडा वाचता येतो की नाही, एवढेच तपासत असे. पुसली जाई ती फक्त वही आणि मुख्य अनुक्रमणिका. म्हणूनच १९९१च्या डॉस ५.० मध्ये ‘अनफॉरमॅट’ हा उलटा आदेश देणे शक्य झाले. त्याच आवृत्तीत तपासणी वगळणारा ‘क्विक फॉरमॅट’ही आला. चौकातील पाट्या काढल्या होत्या. घरे पाडली नव्हती.

८/२२
पुसल्यानंतरचा खरा खटाटोप म्हणजे प्रणाली परत बसवणे. डॉसमध्ये तीन मूलभूत फाइली डिस्कवर उतरल्या की यंत्र जागे होई. विंडोज ९८च्या काळात हा विधी लांबला. बूट फ्लॉपी घालायची, ‘एफडिस्क’ने डिस्कचे भाग पाडायचे, फॉरमॅट करायचा, सीडीवरून विंडोज उतरवायचे, लांबलचक परवाना क्रमांक टंकायचा, मग ध्वनी, चित्र, मोडेम, प्रिंटर या प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा बसवायचा. ड्रायव्हरची सीडी हरवली असेल तर संगणक सुरू होई, पण मुका राही.

९/२२
फॉरमॅटला ‘रामबाण’ ही प्रतिष्ठा विषाणूंमुळे मिळाली. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला प्रसिद्ध विषाणू फ्लॉपीच्या आरंभीच्या तुकड्यात राही. पुढे ‘स्टोन्ड’ आणि ‘मायकेलअँजेलो’ हे विषाणू हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात, ‘मास्टर बूट रेकॉर्ड’मध्ये, बसू लागले. गंमत अशी की ‘फॉरमॅट’ हा आदेश त्या तुकड्याला स्पर्शच करीत नसे. म्हणजे मालकाची वही नाहीशी होई आणि विषाणू सुखरूप राही!

१०/२२
याच अडचणीतून एक मराठी उद्योग उभा राहिला. साताऱ्याकडचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांतील अनेकांचे दुखणे विषाणू हेच असे. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढणारी साधने लिहिण्यास आरंभ केला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यातून ‘क्विक हील’ हे उत्पादन आकारास आले. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. रोगासाठी घर पाडू नये, रोगच काढावा, हे त्यामागचे सूत्र.

११/२२
तरीही सर्वांत मोठा घाला यायचा होता. सोमवार, २६ एप्रिल १९९९. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ हा विषाणू त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीखही २६ एप्रिलच, म्हणून त्याला ‘चेर्नोबिल’ म्हटले गेले. विंडोज ९५ आणि ९८ असलेल्या यंत्रांत त्याने डिस्कचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकला आणि काही यंत्रांतील बायोसही निकामी केले. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, बांगलादेश आणि भारतातही त्याची झळ पोहोचली.

१२/२२
येथे वहीच्या दुसऱ्या प्रतीचे मोल कळले. मोठ्या डिस्कवर ‘फॅट ३२’ पद्धतीची वही इतकी मोठी असे की पहिला मेगाबाइट गेला तरी दुसरी प्रत पलीकडे शाबूत राही. तिच्या आधारे सारे परत मिळवता येई. ढाक्यातील एका विद्यार्थ्याने त्यासाठी विनामूल्य साधनही लिहिले. जुन्या ‘फॅट १६’ पद्धतीत मात्र वह्या लहान आणि शेजारीशेजारी असत. तेथे दोन्ही प्रती एकदमच गेल्या. दोन प्रती असूनही एकाच कपाटात ठेवल्या, तर त्या संकटकाळी एकच ठरतात.

१३/२२
भारतीय वापरकर्त्यांनी यावर एक साधी तोड काढली होती. डिस्कचे दोन भाग पाडायचे : ‘सी’वर विंडोज, ‘डी’वर कामाच्या फाइली. फॉरमॅट फक्त ‘सी’चा. अनुभवी तंत्रज्ञ विंडोजची सीडीही ‘डी’वर उतरवून ठेवी, म्हणजे पुढच्या वेळी ती शोधावी लागत नसे. ‘डेस्कटॉपवर काही ठेवू नका’ हा सल्ला याच काळातला, कारण डेस्कटॉप ‘सी’वरच असतो. ही युक्ती फॉरमॅटपासून वाचवी. डिस्कच निकामी झाली तर मात्र दोन्ही भाग एकत्र जात, कारण तबकड्या त्याच होत्या.

१४/२२
‘डी’वर फाइल सुरक्षित राहिली तरी मराठी माणसाचे संकट संपत नसे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानकही ठरले. परंतु छपाईच्या व्यवहारात सत्ता चालली ती वेगवेगळ्या फॉन्टांची : श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव, आकृती, सी-डॅकचा सुरेख. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात एकट्या देवनागरीने भागतही नसे.

१५/२२
या फॉन्टांची रीत अशी होती. संगणक फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवी. फॉन्ट त्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार चढवी. एका फॉन्टने जेथे ‘म’ ठेवला, तेथे दुसऱ्याने एखादी वेलांटी किंवा अर्धे अक्षर ठेवलेले असू शके. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतीच. रोमन चिन्हांची रास होती आणि तिला मराठी बनवणारा मुखवटा बाहेर होता. तो मुखवटा ‘सी’वरच्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात राही. फॉरमॅट तेथेच होई.

१६/२२
परिणाम ओळखीचा आहे. प्रणाली परत बसली, ‘डी’वरची फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्केचिन्हे यांचा खच दिसला. लग्नपत्रिका, संस्थेचे इतिवृत्त, कुणाचा प्रबंध, कुणाच्या कविता. एकही बाइट हरवलेला नाही, तरी एक शब्द वाचता येत नाही. तोच फॉन्ट, शक्यतो तीच आवृत्ती, पुन्हा मिळाली तरच मजकूर परते. काही पॅकेजांना संगणकाला जोडायची कुलूपकळही लागे. ती हरवली की सारेच अडे. पहिली वही डिस्कची होती. ही दुसरी वही लिपीची.

१७/२२
या दुसऱ्या वियोगावरचा उपाय म्हणजे युनिकोड. ऑक्टोबर १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. ‘क’चा क्रमांक २३२५ ठरला, तो जगभर एकच. विंडोज २००० मध्ये मराठीला आधार मिळाला आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजसोबतच येऊ लागला. आता फाइलमध्ये खरोखर मराठी साठू लागली. फॉन्ट बदलला तर अक्षराचे रूप बदले. अक्षर बदलत नसे.

१८/२२
संक्रमण मात्र सरळ झाले नाही. २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांच्या फाइली सीडीवर असत, पण आपोआप उतरत नसत. प्रत्येक फॉरमॅटनंतर भाषेच्या चौकटीत जाऊन एक खूण करावी लागे आणि यंत्र पुन्हा विंडोजची सीडी मागे. ती नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, अथवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. २००७च्या व्हिस्टापासून हा आधार मुळातच अंगभूत झाला आणि फॉरमॅटनंतर मराठी परत मागण्याची वेळ संपली.

१९/२२
इतिहासाच्या अभ्यासकाला हे दुखणे नवे नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागद शाईसह शाबूत आहेत. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळा-कचेऱ्यांतून मागे पडली आणि सामान्य वाचकासाठी ते रुमाल बंद झाले. कागद उरला, किल्ली गेली. उलट, सोलापूर जिल्ह्यातच हत्तरसंग-कुडल येथील शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा, मराठी शिलालेख आज वाचता येतो, कारण त्या लिपीचे ज्ञान अभ्यासकांनी जपले. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले.

२०/२२
पुनर्स्थापनेचा धडा तर सोलापूरच्या मागांनी संगणकाआधीच गिरवला होता. जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. बाण्याच्या एकेका धाग्यासाठी एकेक पुठ्ठा; छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो. लिआँच्या जोसेफ मारी जेकार्डचे हे १८०४चे तंत्र पुढे बॅबेजच्या गणनयंत्राच्या आराखड्यात गेले. मागाला स्वतःची स्मृती नाही. माळ बदलली की नक्षी बदलते. पुठ्ठा फाटला तर मूळ चौकटीच्या कागदावरून नवा पाडता येतो. मूळ कागद मागावर ठेवत नाहीत.

२१/२२
‘पुसले’ या समजुतीची दुसरी बाजूही आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतील १२९ पैकी केवळ १२ नीट पुसलेल्या निघाल्या. अनेकांचा फॉरमॅट झालेला होता, तरी आत पत्रे आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. ज्याला हवे होते त्याला मिळेना आणि ज्याचा संबंध नव्हता त्याला मिळाले. दोन्हींचे कारण एकच, पाट्या गेल्या होत्या, घरे नव्हती.

२२/२२
आज चित्र पालटले आहे. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सर्व जागा शून्यांनी भरतो. एसएसडीमध्ये तर क्विक फॉरमॅटनंतरही प्रणाली ‘ट्रिम’ हा संदेश पाठवते आणि डिस्क ती जागा खरोखरच रिकामी करते. आता पाट्यांबरोबर घरेही जातात. जुन्या ‘अनफॉरमॅट’ची आशा धरता येत नाही. दुसरीकडे, २०१२च्या विंडोज ८पासून प्रणाली एका कळीवर परत बसते. परत येते ती कंपनीची प्रणाली. माणसाने लिहिलेले परत आणणे हे त्याचेच काम राहते. म्हणून फॉरमॅटपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे का, मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून एकदा वाचून पाहिली आहे का. घरात जुन्या फॉन्टांतील फाइली पडून असतील, तर त्यांचा फॉन्ट अजून मिळतो आहे तोवर त्या युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात.